हैबती आणि घटकेची वाटी

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यावरून काढलेल्या एका पाटावर जगणारं एक गाव होतं. त्या गावात हैबती नावाचा शेतकरी राहायचा आणि त्याला सतत प्रश्न पडायचे.

प्रश्न तुम्हाआम्हालाही पडतात, पण जेवायची वेळ झाली की आपण ते विसरतो. हैबतीचं तसं नव्हतं. चंद्र माझ्याबरोबर चालतो, तर उलट दिशेनं जाणाऱ्या माणसाबरोबर कोण चालतं? विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार कसं लागतं? धुकं दरीत उतरतं की दरीतून वर येतं? घास हातात धरून तो असल्या विचारात बुडायचा आणि त्याची बायको भागीरथी आमटी पुन्हा चुलीवर चढवायची. गावकरी म्हणत, हैबतीला वाट विचारू नका, वाट इथंच का वळली हे तो तुम्हालाच विचारील. पण माणूस मनानं साधा, म्हणून त्याचा कुणाला त्रास नव्हता.

गावात पाऊस बेताचा होता. रब्बीची पिकं सगळी पाटाच्या पाण्यावर यायची. ते पाणी सर्वांना सारखं मिळावं म्हणून वाडवडिलांनी एक सोय लावून दिली होती. पाटाच्या तोंडाशी दगडी ओट्यावर पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ ठेवलेलं असे. त्यात तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पाणी हळूहळू आत शिरे आणि वाटी भरली की बुडे. वाटी बुडाली की घटका झाली. ज्याच्या नावावर जितक्या वाट्या, तितका वेळ पाट त्याच्या शेतात. मग शिंग वाजायचं आणि पाणी पुढच्याच्या शेताकडे वळायचं.

वाटी सांभाळायचं काम केरूनाना नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. पाळी चालू असताना नाना वाटीवरची नजर काढत नसत, कुणाशी बोलत नसत. नाकावर माशी बसली तरी तिला खुशाल बसू देत. त्यांच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

हैबतीच्या शेताला लागून चिमाबाईचं शेत होतं. ती शेत स्वतःच करायची, पाणी द्यायलासुद्धा कुणाला बोलवायची नाही. दोघांची शेतं सारखी, दोघांच्या वाट्याही सारख्या. फरक एवढाच, की चिमाबाईची पाळी पहाटेची आणि हैबतीची दुपारची. आजोबा-पणजोबांपासून ते तसंच चालत आलं होतं.

एका वर्षी थंडी अशी पडली की विचारू नका. पहाटे दात वाजायचे आणि दुपारी मात्र ऊन अंगाला चटके द्यायचं. गहू पोटरीला आला होता, ओंबी बाहेर पडायच्या बेतात होती. या दिवसांत पाणी चुकलं तर दाणा भरत नाही, हे गावातल्या लेकरांनाही ठाऊक होतं. आणि हैबतीच्या शेतात नेमकं तेच होऊ लागलं. शिंग वाजायचं, पाणी पुढं जायचं आणि त्याचे शेवटचे वाफे कोरडेच राहायचे. पुढच्या पाळीलाही तेच झालं. हैबतीनं बांधावरून पलीकडे पाहिलं. चिमाबाईचा शेवटचा वाफा काठोकाठ भरला होता आणि उरलेलं पाणी बांधाशी तुंबून राहिलं होतं.

शेत सारखं, वाट्या सारख्या, पाट एकच. मग पाणी कमीजास्त कसं?

एरवी असा प्रश्न हैबतीला महिनाभर पुरला असता. त्यानं तो उलटून बघितला असता, पालटून बघितला असता. पण आपला गहू पिवळा पडताना दिसला की माणसाचं डोकं निराळंच चालतं. चंद्राबद्दल जन्मभर शंका काढणाऱ्या हैबतीनं शेजारणीबद्दल मात्र एका दुपारीच खात्री करून घेतली. तो तडक चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "केरूनाना आन् चिमाक्का, दोघं मिळून माझं पाणी चोरत्यात."

गाव चक्रावून गेलं. नाना आणि चोरी, हे गणितच कुणाच्या डोक्यात बसेना. पण शेवटचे वाफे कोरडे होते हेही खोटं नव्हतं. पाटलांनी दोघांना बोलावून घेतलं. नानांनी ओंजळीत पाणी घेऊन शपथ वाहिली, की वाटी बुडाल्याखेरीज मी शिंगाला हात लावलेला नाही. चिमाबाई इतकंच म्हणाली, की मी चोरी केलेली नाही. मग ती गप्प बसली आणि तिचं ते गप्प बसणं लोकांना संशयाचं वाटलं. बोलली असती तर तेही वाटलंच असतं.

मग चावडीवर जो तो आपली अक्कल पाजळू लागला. एक म्हणाला, पहाटेचं पाणी ताजंतवानं असतं, ते धावतं, दुपारचं पाणी दमलेलं असतं. दुसरा म्हणाला, दुपारी सूर्य पाणी पितो. त्यावर तिसऱ्यानं विचारलं, की सूर्य काय एकट्या हैबतीच्याच शेतात पाणी प्यायला येतो? कुणी चंद्राच्या ओढीचं काढलं, कुणी पाटातल्या खेकड्यांच्या बिळांचं. पाण्यातल्या देवतांचा, साती आसरांचा कोप झालाय, पाटावर नारळ फोडा, असंही एकानं सुचवलं. बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसले आणि सुरुवातीला ज्यांना थोडंफार कळलं होतं त्यांनाही काही कळेनासं झालं.

शेवटी पाटलांनी निकाल दिला. पुढच्या अमावास्येपर्यंत हैबतीनं स्वतः नानांच्या शेजारी ओट्यावर बसावं आणि वाटी बघावी. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरेल. तोवर दुसरं कारण सापडलं नाही, तर चोरी झाली असंच धरायचं. मग पहाटेची पाळी हैबतीला मिळेल, चिमाबाईला दुपारची, आणि नाना वाटी खाली ठेवतील.

हैबती ओट्यावर बसू लागला. चोर पकडायचा म्हणून डोळ्यांत तेल घालून बसला. पण पकडण्यासारखं तिथं काही नव्हतं. वाटी तरंगायची, भरायची, डुबुक आवाज व्हायचा, नाना शिंग फुंकायचे. पहाटेही तसंच आणि दुपारीही तसंच. नुसतं बसून हात आखडायचे, म्हणून तो अंबाडीच्या वाखाची दोरी वळत बसे. एक वाटी बुडेपर्यंत जेवढी वळून होईल तेवढीला तो गाठ मारी.

एका दुपारी त्यानं सहज पहाटेची दोरी आणि दुपारची दोरी शेजारी शेजारी धरल्या. पहाटेची दोरी दुपारच्या दोरीपेक्षा हातभर लांब निघाली.

हैबती बघतच राहिला. पहाटे बोटं गारठलेली असतात, तेव्हा दोरी उलट कमी व्हायला हवी. ती जास्त झाली, म्हणजे पहाटेची वाटी जास्त वेळ तरंगते. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा करून बघितलं. तेच झालं. मग त्याला वाटलं, आता सापडला चोर. नाना भोकात काहीतरी अडकवत असतील. त्यानं वाटी मागून घेतली, उजेडात धरली. भोक स्वच्छ होतं. मग त्यानं नानांना बाजूला बसवलं आणि पहाटेची वाटी स्वतःच्या हातानं सोडली. दोरी पुन्हा हातभर लांब.

आता मात्र त्याची चांगलीच पंचाईत झाली. चोर धरायला बसला होता आणि चोराच्या जागी त्याचा स्वतःचाच हात होता.

त्या दिवसापासून हैबती पुन्हा पहिल्यासारखा झाला. घास हातात राहू लागला, आमटी निवू लागली. वाटी सकाळी आळसावते का? तांबं थंडीनं आकसत असेल का? भोक बारीक होत असेल का? आणि सगळ्यात वाईट प्रश्न त्याला बांधावरून चालताना पडला. तो तिथंच खाली बसला. सगळं जग आपण वाटीनं मोजतो, मग वाटी कशानं मोजायची? आपली दोरी तरी खरी कशावरून? त्याचं डोकं गरगरायला लागलं. त्याला वाटलं, पायाखालच्या जमिनीलाही विचारावं की बाई, तू तरी जागच्या जागी आहेस ना?

अमावास्येला गावात नांगर चालत नसे आणि पाटही बंद असे. हैबती नानांकडे गेला आणि वाटी एक दिवस घरी न्यायला मागितली. ज्यानं आपल्याला चोर म्हटलं त्याच्याच हातात नानांनी ती वाटी दिली. फडक्यात गुंडाळून दिली आणि म्हणाले, "भोकाला जप."

घरी हैबतीनं अंगणात दोन घमेली मांडली. पहाटेच्या गारठ्यात वाटी आधी चुलीपाशी धरून चांगली गरम केली आणि थंड पाण्यात सोडली. वाटी सावकाशच बुडाली. म्हणजे तांब्याचा दोष नव्हता. मग भागीरथीनं अंघोळीसाठी तापवलेलं पाणी त्यानं दुसऱ्या घमेल्यात ओतलं, हाताला कोमट लागेल इतकं केलं आणि वाटी त्यात सोडली. बाहेर तोच गारठा होता, तीच वाटी होती, तोच माणूस दोरी वळत होता. वाटी भराभर भरली आणि बुडाली. दोरी आखूड निघाली.

म्हणजे वाटी नाही, केरूनाना नाहीत, चिमाबाई नाही. पाणीच. थंड पाणी बारीक भोकातून सावकाश शिरतं आणि कोमट पाणी लगबगीनं. या वर्षी पहाट आणि दुपार यांत एवढं अंतर पडलं, म्हणून ते डोळ्यावर आलं. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण पाणी असं का करतं? दिसायला तर दोन्ही पाणी सारखंच. गुळाची काकवी थंडीत दाटते, ती आपल्याला दिसते. पाणीही न दिसेल इतकं दाटत असेल का? हैबतीला काही सांगता येईना.

भागीरथी चुलीपाशी बसून सगळं बघत होती. तिनं विचारलं, उद्या चावडीवर हे सांगणार का? हैबती म्हणाला, मलाच नीट कळलेलं नाही, लोकांना काय सांगू? भागीरथीनं शेताकडे बघितलं आणि म्हणाली, "न्हाई सांगितलं तर पहाटेची पाळी आपली हुतीया. शेवटचं वाफं वाचत्याल."

हे खरंच होतं. काही खोटं बोलायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. कारण सापडलं का, असं पाटील विचारतील. कारण तर खरंच सापडलेलं नाही. पाणी असं का करतं हे कुणाला ठाऊक आहे? एवढं म्हटलं की आपला गहू भरेल आणि चिमाबाईचा वाळेल. हैबतीला आपल्या पिवळ्या पडलेल्या वाफ्यांची कीव आली. नानांनी फडक्यात गुंडाळलेल्या वाटीकडे बघून लाजही वाटली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही आणि या वेळी ते कुठल्या प्रश्नामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरली. नाना शिंग घेऊन आले होते, परत द्यायला. पाटलांनी विचारलं, "हैबती, कारण सापडलं का?"

हैबती उभा राहिला. तो म्हणाला, "पाणी असं का करतं, ते मला ठावं न्हाई. पर चोरी झाली न्हाई, येवढं मला पक्कं ठावं हाय."

लोकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. कारण माहीत नाही तर बाकीचं कसं माहीत, असं एकानं विचारलं आणि इतरांनी माना डोलावल्या. हैबतीनं वाद घातला नाही. दोरीनं आणि तापवलेल्या वाटीनं काय दाखवलं ते सांगून त्यानं बरोबर आणलेली दोन घमेली मांडली, एकात गार पाणी, एकात कोमट. आपली दोरी कुणी मानणार नाही हे ओळखून त्यानं पाटलांना विनंती केली, की तुम्ही हातातली जपाची माळ एका चालीनं ओढा आणि वाटी बुडेपर्यंत किती मणी होतात ते बघा. पाटलांनी माळ ओढली. गार पाण्यात मणी जास्त झाले, कोमट पाण्यात बरेच कमी. आपलाच हात घाईला आला असेल म्हणून पाटलांनी पुन्हा माळ ओढली. पुन्हा तेच.

चावडीवरची माणसं घमेल्यांभोवती गोळा झाली. मग एकदम गलका झाला. आता खरी घटका कोणती म्हणायची, गारठ्यातली की उन्हातली? एक म्हातारा गडबडून गेला. त्याचं लग्न ऐन माघात, भल्या पहाटे लागलं होतं आणि मुहूर्त याच वाटीनं साधला होता. मुहूर्त टळला की काय, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. त्याची म्हातारी मागून म्हणाली, तरीच. त्यावर सगळे हसले आणि जरा मोकळे झाले.

पाटलांनी निकाल फिरवला. पाळ्या आजपासून आलटून पालटून. एका खेपेला पहाट चिमाबाईची, पुढच्या खेपेला हैबतीची. गारव्याचा फायदा-तोटा दोघांनी सारखा घ्यावा. पाणी असं का करतं, हे जेव्हा कळेल तेव्हा कळेल. नानांनी शिंग पुन्हा खांद्याला अडकवलं. हैबती त्यांच्या पाया पडला. नाना रागावले नाहीत. त्यांनी फडकं सोडून वाटी वर उचलली आणि भोकातून एकदा आभाळ बघितलं.

मग हैबती चिमाबाईकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, की चिमाक्का, माझं चुकलं. त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं त्या दोन घमेल्यांकडे बघितलं.

"हैबतीदादा," ती म्हणाली, "माझ्या शेतात पाणी जास्त येतंय, ते मलाबी दिसत हुतं. का येतंय ते मलाबी कळत न्हवतं. तू वाटीला इचारलंस, दोरीला इचारलंस, तांब्याला इचारलंस, पाणी तापवून इचारलंस. बांध वलांडून मला का इचारलं न्हाईस?"

हैबतीनं तोंड उघडलं. आभाळापासून पाताळापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारणारा माणूस, पण या एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. चिमाबाईनं पदर खोचला आणि ती शेताकडे निघाली.

तात्पर्य: जे कळत नाही त्याबद्दल गोंधळात राहणं लाजिरवाणं नाही, पण तो गोंधळ सोसवत नाही म्हणून जवळच्या माणसाला दोषी ठरवू नये. आधी त्यालाच जाऊन विचारावं.